खुंट्याले बांधलेली मोटार

ती मोटार किती जणांच्या हातातून गेली म्हणून मले जो तो विचारते, अन् मी सांगायले बसलो का मधातच उठून चहा प्यायले जाते. तुमाले तसं करायचं असन तर आत्ताच जा. मी एकदा सुरू झालो अन् कोणी मधात उठलं तर माह्यं डोकं सरकते. मी लालसिंग, बंजारा मानूस, पुसदपासून अठरा मैलांवरच्या तांड्यातला. आमचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ अन् धान्य लादून मुलुखभर हिंडले. मी ड्रायव्हर झालो, अन् आयुष्यातली अठरा वर्षं एका मोटारीपायी घालवली.

कंपनी कोणती ते विचारू नका. नाकावरची विलायती अक्षरं एका पोट्ट्यानं केव्हाच उचकटून नेली. लांबी दोन बैलगाड्यांएवढी, रंग पिकल्या जांभळाचा, आत कातड्याच्या गाद्या, अन् मागच्या सीटवर माणसानं पाय लांब करून झोपावं एवढी जागा. अशी गाडी साऱ्या वऱ्हाडात दुसरी नव्हती. मी काही शोधत फिरलो नाही, पण नव्हती.

पहिला मालक राजा. कुठला ते सांगत नाही, त्याचे नातू अजून सरकारी तनखा खाऊन राह्यले. त्यानं गाडी बोटीनं मागवली ती राणीसाठी. राणी दोन वेळा बसली अन् दोन्ही वेळा ओकली. मंग राजानं ती शिकारीले नेली. वाघ एकही मेला नाही, एक बकरी तेवढी चाकाखाली आली. तरी राजानं बकरीसोबत फोटो काढला म्हणतात. हे सारं मले राजाच्या म्हाताऱ्या ड्रायव्हरानं सांगितलं, अन् तो राजावर खार खाऊन होता, म्हणून अर्धंच खरं धरा.

दुसरा मालक यवतमाळचा जिनिंगवाला शेटजी. राज्यं गेली तेव्हा राजानं घरातलं सामान विकायले काढलं, त्यात एकोणपन्नास साली शेटजीनं गाडी उचलली. मी तवा त्याच्या जिनात सरकीची पोती उचलत होतो. म्हातारा ड्रायव्हर गाडी पोचवायले आला अन् महिनाभर राह्यला, तेवढ्यात त्यानं मले चालवणं शिकवलं. पहिल्याच दिवशी गाडी सुरू करायचं हँडल उलटं फिरलं अन् माह्यं मनगट मोडलं. ते अजून थंडीत ठणकते. पण ज्या दिवशी गाडी माह्या हातानं जागची हलली, त्या दिवशी मले वाटलं का बस, आता दुसरं काही नाही पाहिजे.

वाटून काय फायदा? गाडी पेट्रोल पेत होती ढोरासारखी, अन् शेटजी पाहुण्याले पाणीही अर्धाच गिलास देणारा. त्यानं ती जिनाच्या आवारात उभी केली. रोज संध्याकाळी मागच्या सीटवर येऊन बसे, पेपर वाचे, अन् भेटायले आलेल्या लोकायले खिडकीतून बोले. मी पुढं टोपी घालून चाकामागं बसलेला. सात वर्षं मी उभ्या गाडीचा ड्रायव्हर होतो. यवतमाळातले पोट्टे मले विचारत, कुठपर्यंत पोचला गा, लालसिंग?

छप्पन साली आमचा जिल्हा मध्य प्रदेशातून उठून मुंबई राज्यात गेला. आमी जागचे हललो नाही, जिल्हाच गेला. तेव्हा कोणीतरी शेटजीच्या कानात सांगितलं का मुंबईचं सरकार मोटारीवर फुटाच्या हिशोबानं पट्टी लावणार आहे. शेटजीनं गाडी फुटपट्टीनं मोजली अन् त्याले रात्रभर झोप आली नाही. आठ दिवसांत त्यानं ती विठ्ठलराव पाटलाले अर्ध्या भावात देऊन टाकली. कानात सांगणारा मानूस विठ्ठलरावचाच होता, ते मले मागून समजलं. गाडीसोबत मीही गेलो, कारण हँडल मारता येणारा दुसरा कोणी नव्हता.

तर तिसरा मालक विठ्ठलराव. त्याचं गाव आमच्या तांड्यापासून दोन मैल. तीनशे एकर कपाशी, मोठ्या मिशा अन् त्याहून मोठी हौस. सत्तावन साली तो इलेक्शनले उभा राह्यला. मतदानाच्या दिवशी मले हुकूम सुटला का गावोगावचे मतदार या गाडीत घालून आण. मी आणले. लोकं बसली, गाद्या दाबून पाह्यल्या, काचा खालीवर केल्या, एका म्हातारीनं तर उतरायलेच नाही म्हटलं. अन् साऱ्यांनी मत दुसऱ्याले दिलं. कोणी मले सांगे, भाऊ, गाडी झक्कास आहे, पण पाटलापाशी एवढी गाडी आहे तर त्याले आणखी काय पाहिजे. विठ्ठलराव पडला. त्यानं दिवसभर गाडीले शिव्या दिल्या, संध्याकाळी मले दिल्या, अन् गाडी शेळ्यांच्या कोठ्यात लावली.

आता गराशा म्हणजे काय ते ऐका, नाहीतर पुढचं तुमच्या डोक्यात शिरणार नाही. आमी बैलांवर माल वाहत होतो तेव्हा तांड्यातला एक बैल देवाले वाहिलेला राहे. तो गराशा. त्याच्या पाठीवर गोणी नाही, मानेवर जू नाही, अन् मानूस तर नाहीच नाही. गळ्यात घंटा, शिंगाले कवड्या अन् लाल कापड बांधून तो कळपाच्या पुढं चाले. कोणी बिमार पडलं का त्याच्या पायाशी नेऊन बसवत. मालाचा धंदा बुडाला, आमी शेती करायले लागलो, पण आमच्या तांड्यानं गराशा सोडला नाही. सोडू देणारच नव्हता आमचा नायक.

नायक म्हणजे तांड्याचा मुखिया, रामधन त्याचं नाव. साठीचा, उंच, काटकुळा. त्याचा शब्द खाली पडत नव्हता. अन् नसाबीत, म्हणजे आमच्या पंचायतीत, तो असा न्याय करे का ज्याले दंड झाला तोही मान हलवत घरी जाय. त्याचा गराशा पांढराशुभ्र अन् माह्या छातीएवढा उंच होता. अठ्ठावन साली विठ्ठलरावच्या मनात आलं का पोळ्याले आपल्या जोड्यांच्या पुढं हाच बैल चालला पाहिजे. इलेक्शनात गेलेली इज्जत त्याले बैलाच्या पायांनी वापस आणायची होती. पैसे घेऊन तो तांड्यात आला. रामधननं पैशाकडं पाह्यलंही नाही. गराशा विकत नसतात, म्हणे. तेव्हा विठ्ठलराव चिडून बोलून गेला का पैसा नको तर माही मोटार घ्या.

त्याले वाटलं नायक हसून सोडून देईन. नायक हसला नाही. विचारात पडला. अन् त्याच दिवशी नसाबीत उभा राहून म्हणला, "आपला धंदा कोणी खाल्ला? आगगाडीनं अन् मोटारीनं. आगगाडी काही मले बांधता येत नाही. पण मोटार तांड्यात आणून खुंट्याले बांधता येते."

कारभारी खेमसिंग हा नायकाच्या खालचा मानूस, अन् नियमाचा मोठा पक्का. तो म्हणला, "पण नायक, गराशा देता येत नाही."

"देऊन नाही राह्यलो, बदलून राह्यलो. गराशाच्या जागी गराशा."

असा निकाल आमचाच तांडा देऊ शकते. बैल पाटलाकडं गेला, मोटार आमच्याकडं आली, अन् वर ड्रायव्हर फुकट. मी आपल्याच तांड्यात बदल्याचा माल होऊन आलो. रामधननं तिले लाल कापड बांधलं, दिव्यायले कवड्यांच्या माळा घातल्या, पुढं घंटा टांगली, नारळ फोडला, अन् खरोखर एक खुंटा गाडून तिले दोरानं बांधलं. मंग साऱ्यायले ऐकू जाईन असं सांगितलं का आजपासून हा आपला गराशा, याच्यावर ओझं नाही, याच्यात मानूस बसणार नाही, अन् हा कधी विकला जाणार नाही.

मी म्हटलं, "नायक, अहो हे बसायसाठीच केलेली वस्तू आहे."

"बैलालेही पाठ असते. आपण बसतो का?"

"मंग मी काय करू?"

"शेण काढत जा."

"मोटार शेण टाकत नाही, नायक."

"मंग तुले काम कमी," म्हणे, अन् चालला गेला.

तिकडं पाटलाच्या घरी बैलाचे असे लाड झाले का पुरणपोळ्या खाऊन खाऊन तो दुसऱ्याच वर्षी मेला. म्हणून वापस बदलायचाही रस्ता राह्यला नाही. आमची मोटार मात्र बसली खुंट्यापाशी. बिमार लोकं येऊन पुढच्या चाकाले हात लावत, पोटुशा बाया दिव्याले कुंकू लावत. मी तिले रोज पुसत होतो, अन् हप्त्यातून एकदा बाहेरूनच हँडल मारून सुरू करत होतो. ती घुरघुरली का म्हातारे खूश होत, गराशा हंबरला म्हणत. मी पुसदहून डब्यात पेट्रोल आणे, त्यालेही कोणी ना म्हणत नव्हतं. त्याले ते गराशाचं पाणी म्हणत.

पण पोळ्याले गराशानं नदीवर चालत गेलं पाहिजे. पहिल्या वर्षी चाळीस लोकायनं ती ढकलत नेली अन् रेतीत फसवली. काढायले दोन दिवस लागले. दुसऱ्या वर्षी मी नसाबीत हात जोडले का मले एकट्याले बसू द्या, मी चालवत नेतो. दिवसभर वाद झाला. खेमसिंग म्हणे, ड्रायव्हर मानूस आहे, मानूस म्हणजे ओझं. शेवटी रामधननं निकाल दिला. "बैलाच्या अंगावर गोचीड असते. तिले कोणी ओझं म्हणते का? लालसिंग गोचीड आहे. बसू द्या."

तीन लेकरांच्या बापाले चारचौघात गोचीड म्हटलं, अन् मी खुशीनं टाळ्या वाजवल्या. कारण वर्षातून एक दिवस का होईना, गाडी माह्या हाती आली. तांड्यापासून नदीपर्यंत अर्धा मैल, अन् तोही बैलांच्या चालीनं. खरं सांगतो, माह्या जिवाले एकच लागलं होतं. ही गाडी पक्क्या सडकेवर, मन भरून, एकदा तरी पळवावी. दुसरं काही मागणं नव्हतं माह्यं देवापाशी.

त्रेसष्टच्या उन्हाळ्यात रामधनच्या पोटात कळ निघाली. एक दिवस त्यानं कोणाले सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी पोट नगाऱ्यासारखं फुगलं अन् ओकारी थांबेना. गावचा वैद्य आला, पोटाले हात लावला अन् म्हणला का आतडी अडकली आहे, आज दिवस मावळायच्या आत पुसदच्या डॉक्टरापाशी नेलं तर वाचन. बैलगाडीनं पुसदले पोचायले दुसरा दिवस उजाडणार होता. नायक स्वतः उठून, भिंतीले धरत धरत, मोटारीच्या पुढच्या चाकाले पाठ लावून बसला. गराशाच्या पायाशी बसला का उतार पडते म्हणून.

मी त्याच्यापुढं बसलो. "नायक, चाकाले टेकून काय होते? आत बसा. दीड घंट्यात पुसद."

"ओझं नाही पडणार," म्हणे. ओठ निळे पडले होते, पण बोलणं तेच.

त्याची बायको लालीबाई पदर डोळ्याले लावून उभी होती. बाई तोंडाची तिखट, पण नसाबीच्या कामात बायको बोलत नसते. ती माह्याकडं नुसती पाहत होती. मले राग आला. देवाचा, नायकाचा, त्या गाडीचा, साऱ्यांचा. मी म्हटलं, "गराशा कळपाच्या पुढं चालते का नाही? मंग त्याच्या मागं बैलगाडी बांधतो. ओझं बैलगाडीवर, गराशा फक्त पुढं."

खेमसिंग तोंड उघडणार तेवढ्यात रामधननं मान हलवली. "पुढं चालता येते," म्हणे.

तर अशी निघाली ती वरात. पुढं राजाची मोटार, कवड्या अन् घंटा लावलेली. तिच्या मागं दोरानं बांधलेली बिनबैलाची गाडी, त्यात गवतावर नायक, अन् उशाले लालीबाई. मागून बैल घेऊन पोट्टे येतो म्हणले. मी पहिल्या गिअरमध्ये मुंगीच्या चालीनं नेत होतो, तरी प्रत्येक खड्ड्याले मागून म्हाताऱ्याचं कण्हणं ऐकू ये. सहाव्या मैलावर नाल्याच्या उतारात बैलगाडी आपल्याच वजनानं पुढं आली, मोटारीवर आदळली, अन् तिचं एक चाक निघून नाल्यात गेलं.

मी खाली उतरलो. भर दुपार, आजूबाजूले मानूस नाही. नायक गवतावर डोळे मिटून पडलेला, हाक मारली तर ओ नाही. मी लालीबाईकडं पाह्यलं.

"उचल," लालीबाई म्हणली.

"याडी," मी म्हटलं, आमच्यात आईले याडी म्हणतात, "नसाबीले समजलं तर नायकी जाईन त्यांची."

"नायकी घेऊन मी चाटू का? मले नवरा पाहिजे. उचल म्हणते ना."

आमी दोघांनी त्याले मागच्या सीटवर निजवलं. लालीबाईनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं अन् मी दोर कापला. अन् मंग मी ती गाडी पळवली. जे माहं एवढ्या वर्षांचं मागणं होतं ते देवानं असं दिलं, डोळ्यात पाणी अन् घामानं हात घसरत असताना. बारा मैल मी रामधनले शिव्या घातल्या. त्याच्या नसाबीले, त्याच्या गराशाले, त्याच्या सात पिढ्यायले. म्हाताऱ्या, मेला तर याद राख, तुह्या चितेवर पेट्रोल मी टाकीन. अडाणी, हेकट, बैलाच्या अकलेचा. असं असं बोललो का लालीबाई मागून म्हणली, शिव्या दे पण समोर पाह्य. मी रडत होतो, हे तिनंही मंग कोणाले सांगितलं नाही.

पुसदच्या वेशीवर आमी त्याले टांग्यात घातलं, म्हणजे मोटारीतून उतरताना कोणी पाहू नये. डॉक्टरानं त्याच दिवशी पोट फाडलं. वाचला. चौथ्या दिवशी बोलायले लागला तेव्हा पहिला सवाल हाच का मी आलो कसा?

मी अन् लालीबाईनं ठरवूनच ठेवलं होतं. मी म्हटलं, "चाक मोडलं, नायक. तेवढ्यात तेंदूपत्त्याचा एक ट्रक आला. त्यानं पोत्यांवर घेतलं तुमाले."

"अन् गराशा?"

"पुढं चालत आला. रिकामा."

त्यानं डोळे मिटले अन् म्हणला, "ट्रकवाला देवमानूस."

आता या देवमाणसानं माह्यं जिणं हराम केलं. तांड्यात आल्यावर नायक मले त्याचं नाव विचारे, गाव विचारे. मी ठोकून दिलं का आदिलाबादकडचा होता. तेव्हापासून दरवर्षी दिवाळीले रामधन मले शेरभर घरचं तूप देऊन पुसदले पाठवे, का त्या ट्रकवाल्याले शोधून दे. मी काय करू? वेशीबाहेर जाऊन एका ओळखीच्या घरी दोन दिवस राहो, भाकरीवर ते तूप खाओ, अन् वापस येऊन सांगो का भेटला, रामराम सांगितला आहे. चार वर्षं खाल्लं. तूप चांगलं होतं, पण गळ्याखाली उतरताना लाज वाटत होती.

मंग सदुसष्ट साली मुंबईचा साहेब आला. चष्मेवाला, पायात मोजे. त्याचा धंदाच जुन्या मोटारी गोळा करायचा. कुठून त्याले या गाडीचा पत्ता लागला होता. राजापासून सारी वंशावळ त्यानं वहीत लिहून आणली होती. राजा, शेटजी, पाटील, अन् पुढं कोरी जागा. त्यानं खुंटा पाह्यला, दोर पाह्यला, कवड्या पाह्यल्या, अन् खाली बसूनच गेला. मंग बॉनेट उघडून मशीन पाह्यलं. अठरा वर्षं मी त्या मशिनले तूप-लोण्यासारखं जपलं होतं. साहेब माह्याकडं वळला अन् म्हणला, "ही गाडी तुम्ही सांभाळली? मग तुम्हीही मुंबईला चला. गाडी माझी, चालवाल तुम्ही. दर रविवारी समुद्राच्या बाजूनं, रुंद रस्त्यावर."

माह्या कानात दुसरं काही शिरेनाच.

नसाब बसली. साहेबाले बाजूले खाटेवर बसवलं. खेमसिंग उभा राहून म्हणला, "गराशा विकत नसतात. ज्याच्यावर कधी ओझं पडलं नाही तो गराशा. पडलं असतं तर गोष्ट वेगळी, मंग ते नुसतं लोखंड." अन् तो खाली बसला.

समजलं का तुमाले? माह्या तोंडात एक वाक्य होतं. ओझं पडलं आहे. एवढं बोललो असतो का गाडी सुटली असती, मी मुंबईले, रविवारी समुद्राच्या बाजूनं. पण तेच वाक्य बोललो असतो तर त्याच घडीले रामधनची नायकी गेली असती, अन् त्याले समजलं असतं का त्याचा जीव त्याच्याच शब्दाले लाथ मारून वाचवला होता. बायांमध्ये बसलेल्या लालीबाईकडं मी पाह्यलं. ती जमिनीकडं पाहत होती. मी ओठ दाबले. जाऊ दे मुंबई, म्हटलं. समुद्राले काय करायचं आहे आपल्याले.

मंग रामधन उठला. मले वाटलं निकाल सांगते.

"ओझं पडलं आहे," तो म्हणला. "माहंच."

खेमसिंगले वाटलं म्हाताऱ्याच्या डोक्यात उन्ह गेलं. "नायक, तुमी ट्रकावर गेलते," तो म्हणला.

"ट्रक नव्हता. मी डोळे मिटले होते, कान नाही. माह्या सात पिढ्या काढल्या या लालसिंगनं. मले बैलाच्या अकलेचा म्हणला. चितेवर पेट्रोल टाकणार होता." तो माह्याकडं वळला. "तूप कसं होतं रे?"

मले तोंड कुठं लपवावं समजेना. म्हटलं, "चांगलं होतं, नायक."

"तुह्याचसाठी देत होतो. नाव घेऊन देता येत नव्हतं."

खेमसिंग म्हणला, "तेव्हाच काहून नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर याले तांड्याबाहेर काढावं लागलं असतं, अन् निकाल मलेच द्यावा लागला असता. पण आज मी पाहून राह्यलो होतो. त्याच्या तोंडापर्यंत आलं अन् त्यानं गिळलं. माह्यासाठी गिळलं. मंग मी कायले लपू?" म्हातारा लाजून राह्यला होता, हे मी पहिल्यांदा पाह्यलं. मंग म्हणला, "अन् आणखी एक सांगतो. मले शुद्ध होती. मी ठरवलं असतं तर नाही म्हणू शकत होतो. नाही म्हटलं नाही. पोट फाटून राह्यलं होतं, तरी ती गादी मले मऊ लागली. पहिल्या दिवसापासून मले त्या गाडीत बसायचं होतं. नियम मीच करून बसलो, सांगू कोणाले?"

मले हसू आलं अन् रडूही आलं. मी दोन्ही केलं, कोण पाहते याची पर्वा केली नाही.

निकाल द्यायले आता नायकच नव्हता, म्हणून खेमसिंगले द्यावा लागला. तो बिचारा लय वेळ डोकं खाजवत बसला. रामधनची नायकी गेली. ते रामधनच म्हणत होता, त्यात कोणाचं चाललं नाही. अन् गाडीचं असं का ज्यानं गराशा बाटवला त्यानंच तो तांड्याबाहेर न्यावा, अन् त्याच्या चारा-पाण्याचा भार जन्मभर त्यानंच उचलावा. हा लालसिंगले दंड. अशी ती मोटार माही झाली. राजानं विकत घेतली, शेटजीनं घेतली, पाटलानं घेतली, अन् मले शिक्षा म्हणून मिळाली.

साहेब उठून आला, वही उघडली, कोऱ्या जागेत माह्यं नाव लिहिलं अन् म्हणला, "आता तुम्हीच मालक. बोला, कितीला देता?"

मी म्हटलं, "साहेब, शिक्षा आजच झाली आहे. भोगल्याशिवाय विकली तर खेमसिंग दुसरी देईन."

मंग मी खुंट्याचा दोर सोडला अन् मागचं दार उघडलं. रामधन आला. नऊ वर्षं ज्या गाडीले त्यानं हात जोडले होते, त्या गाडीच्या पायरीवर त्यानं चपला काढल्या, आत गेला अन् मधोमध बसला. लालीबाई बाजूले बसली. साहेबही पुढं येऊन बसला, त्याले राहवलं नाही. मी हँडल मारलं अन् सडकेले लागलो. रामधन काच खाली करून बाहेर पाहत होता, अन् शेतातले लोकं हात थांबवून त्याच्याकडं पाहत होते. म्हणे, जोरात घे. मी घेतली. म्हणे, आणखी. मी आणखी घेतली.

चौथ्या मैलावर पेट्रोल संपलं. आता या गोंधळात टाकी कोण पाहते? साहेब उतरला, मी उतरलो, लालीबाईही उतरली. चढाव होता. मी दार उघडून म्हटलं, "रामधनभाऊ, उतरा, ढकलावं लागते."

रामधननं गादीवर पाय वर घेतले.

"तुमी ढकला," तो म्हणला. "मी बसलो आहे."

साहेबानं चष्मा खिशात घातला, लालीबाईनं पदर खोचला, अन् आमी तिघांनी ढकललं.